कातडीची आठवण

माझ्या बायकोचं नाव प्रणिता सतीश निकम. साताऱ्यात हे नाव घेतलं की त्यातला सतीश कोण, असं कुणी विचारत नाही, आणि मला त्याचं कधी वाईट वाटलेलं नाही. मी मोटरी रिवाइंड करतो, म्हणजे आतली जुनी तार काढून नवी गुंडाळतो. विहिरीवरच्या पंपाची मोटर जळली की लोकांना माझी आठवण होते. एरवी मी मल्लखांबवाल्या निकमबाईंचा नवरा.

दोरीचा मल्लखांब ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगतो. उंच छताला टांगलेली सुती दोरी. तिला गाठ नाही, अडकवायला कडी नाही. पायाचा अंगठा आणि शेजारचं बोट यांच्या चिमटीत ती धरायची, पोटरीला वेढा द्यायचा, मांडीवरून, कमरेभोवतीनं फिरवून काखेतून काढायची आणि त्या वेढ्यावर सगळा देह तोलायचा. म्हणजे भार सगळा कातडीवर. ती सोलते, चिघळते, नायटा होतो, बरा होतो, पुन्हा होतो. प्रणिताच्या बोटांच्या बेचक्यात चामड्याच्या वादीसारखा घट्टा पडला होता. नव्या मुलींना ती आधी तो घट्टा दाखवायची आणि राज्य स्पर्धेतली पदकं नंतर. पदकं काय, कपाटातही राहतात, असं तिचं म्हणणं.

आमचा एकुलता एक मुलगा निहार दहा वर्षांचा असताना याच दोरीवर अर्ध्यापर्यंत गेला आणि तिथेच थिजला. मी शिडी लावून त्याला उतरवला. त्यानंतर तो प्रणिता शिकवायची त्या व्यायामशाळेकडे फिरकला नाही. मोठा होऊन एसटीत चालक झाला. हल्ली महामार्गावरच्या बसगाड्या आपल्या आपण धावतात, पण केळघर घाटात धुकं उतरलं की यंत्राचं डोकं चालत नाही, तिथे अजून माणूसच लागतो. “दोरीला घाबरणारं पोरगं दरीच्या कडेनं गाडी काढतंय, काय म्हणावं याला!” असं प्रणिता म्हणायची. त्यात कौतुक किती आणि टोमणा किती, हे मला कधी वेगळं करता आलं नाही. कुणी मुलाबद्दल विचारलं तर “बरा आहे” एवढंच सांगायची, आणि व्यायामशाळेतल्या मुलींबद्दल विचारलं तर समोरच्याचा चहा गार व्हायचा.

तिला रक्ताचा कर्करोग झाला. पुण्याच्या रुग्णालयात डॉ. इरावती लोंढे यांनी आम्हा तिघांना समोर बसवलं आणि नीट समजावलं. हाडांच्या आतला गर, म्हणजे अस्थिमज्जा, तिथे रक्त तयार होतं आणि हिची तीच बिघडली होती. औषधांनी ती जाळून टाकायची आणि तिथे दुसऱ्याची निरोगी मज्जा रुजवायची. पोटचा मुलगा निम्मा तरी जुळतोच.

“निहार, तुम्ही जर तयार असाल...” असं डॉक्टर म्हणाल्या तोवर यानं बाही वर केली होती. जणू त्या टेबलावरच सुई टोचणार होत्या.

मज्जा रुजली. आईच्या अंगात लेकाचं रक्त तयार होऊ लागलं, तिचा रक्तगटसुद्धा बदलून त्याचा झाला. मी आनंदानं पेढ्यांचा पुडा घेऊन गेलो, तर सिस्टरांनी जंतूंच्या भीतीनं मला पुड्यासकट दारातूनच परत पाठवलं.

आणि मग प्रणिताच्या पायाच्या बोटांत लाली आली.

ती बघता बघता पोटरीवर चढली, मांडीवर आली, कमरेपर्यंत पोचली. फोड आले. भाजल्यावर निघते तशी कातडी निघू लागली. 

“नव्या मज्जेतल्या लढाऊ पेशींना हे शरीर परकं वाटतं,” डॉक्टर म्हणाल्या. “म्हणून त्या त्वचेवर उठतात. असं होतं हे आम्हाला माहीत असतं, पण यांचं फार वाढलंय. त्वचा म्हणजे शरीराची भिंत. ती गेली तर जंतूंना मोकळं रान मिळेल.”

यावर उपाय तयार होता. निहारच्या लढाऊ पेशी देतानाच त्यांच्यात एक कळ बसवलेली होती. एक इंजेक्शन दिलं की त्या सगळ्या काही तासांत मरणार आणि कातडी वाचणार. पण उरलासुरला कर्करोग शोधून मारण्याचं कामही त्याच पेशी करत होत्या. त्या गेल्या तर तो परत येण्याची भीती होती.

काचेच्या पलीकडे प्रणिता, अलीकडे आम्ही बापलेक, मध्ये बोलायला एक स्पीकर.

“आई, घे ते इंजेक्शन,” निहार म्हणाला. “माझ्याच पेशी आहेत. मी सांगतो, मारून टाका.”

“तू कोण सांगणार? दिल्या ना एकदा? आता माझ्या झाल्या.”

“अगं, सोलून काढतायत त्या तुला!”

“दोरीनं मला पस्तीस वर्षं सोललं. मी कधी दोरी कापली का?”

निहारनं कपाळ काचेला टेकवलं. “मला दोरी जमली नाही, पप्पांनी शिडी लावून उतरवलं. तसंच समज की. हेही नाही जमलं मला.”

प्रणितानं तोंड स्पीकरजवळ आणलं. बोलताना ओठ फाटत होते तिचे.

“निहार, माझ्या अंगात आत्ता तुझं रक्त फिरतंय. त्याला माझ्यासमोर नावं ठेवायची नाहीत. कुणीच ठेवायची नाहीत, तूसुद्धा नाही.” मग माझ्याकडे वळून म्हणाली, “अहो, ऐकताय ना? तुम्ही सही करायची नाही.”

मला तिचा अभिमान वाटला आणि राग तर असा आला की ती काच फोडावी. सही माझ्याकडे येणार होती, कारण दुसऱ्या दिवशी जखमा धुवायला तिला गुंगीत ठेवणार होते, आणि त्या वेळेपुरता निर्णय माझा होता. बाहेर आल्यावर निहारनं माझा दंड धरला. “पप्पा, सही करा,” एवढंच म्हणाला. मी सही करणार होतो. मला बायको जिवंत हवी होती. तिचा बाणेदारपणा नंतर बघू, असं मी मनाशी ठरवून टाकलं होतं.

सकाळी डॉक्टर लोंढे म्हणाल्या, “सही करण्याआधी एक बघून घेऊ. आमच्याकडे ‘पारख’ नावाचं यंत्र आलंय. इथे अजून कुणावर वापरलेलं नाही. तुमची हरकत नसेल तर लावते.”

त्यांनी ते समजावून सांगितलं. आजवर कातडीचा तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवायचे. त्यात पेशींची गर्दी दिसायची, पण कुठली पेशी कुणाची हे सहजासहजी कळायचं नाही. रक्तातल्या पेशी दात्याच्या, म्हणजे कातडीतल्या हल्लेखोरही त्याच्याच, असं धरून चालायचं. पारखमध्ये तुकडा काढावा लागत नाही. प्रत्येक पेशीच्या अंगावर काही खुणा असतात, निम्म्या आईकडून आलेल्या आणि निम्म्या बापाकडून.

“निहारच्या पेशींवर तुमच्याकडून आलेल्या खुणा आहेत,” डॉक्टर मला म्हणाल्या. “प्रणिताताईंच्या स्वतःच्या पेशींवर त्या असायचा प्रश्नच नाही. आम्ही टोचतो तो रंग नेमका तुमच्या खुणेला धरतो आणि दिव्याखाली हिरवा चमकतो. बाकीच्या लढाऊ पेशी केशरी दिसतात.”

“म्हणजे हिच्या अंगात माझी खूण फिरतेय?”

“फिरतेय की,” डॉक्टर हसल्या. मूळच्या फलटणच्या त्या, आमच्याच जिल्ह्यातल्या.

लग्नाला इतकी वर्षं झाली, आता कुठे माझा ठसा उमटला, असं मी म्हणालो. प्रणितानं त्याही अवस्थेत माझ्याकडे डोळे वटारून पाहिलं.

दिवा तिच्या पायावर फिरला आणि समोरच्या पडद्यावर केशरी रंग पसरला. हिरवं कुठे म्हणावं तर मधूनमधून चार ठिपके. डॉक्टरांना वाटलं, यंत्रच बिघडलं. त्यांनी प्रणिताच्या रक्ताचा थेंब घेऊन दिव्याखाली धरला, तर तो सगळा हिरवागार. यंत्र नीट होतं. रक्त लेकाचं होतं, पण कातडीत चाल करून आलेल्या पेशी बहुतेक सगळ्या प्रणिताच्याच होत्या.

डॉक्टरांनी मग पायापासून काखेपर्यंतचं चित्र जोडून एकत्र दाखवलं. बोटांच्या बेचक्यात केशरी रंग सगळ्यांत दाट. तिथून निघालेला पट्टा पोटरीला वेढा घालून मांडीवर तिरका गेला होता, कमरेभोवती फिरला होता आणि काखेत संपला होता.

“पप्पा,” निहार हळूच म्हणाला, “ही साधी आढी आहे.”

दोरीवर मुलींना शिकवतात तो सगळ्यांत पहिला वेढा म्हणजे साधी आढी. दहाव्या वर्षी सोडलेली गोष्ट पोरगं विसरलं नव्हतं.

डॉक्टर खुर्ची ओढून बसल्या. “सगळ्या लढाऊ पेशी रक्तात फिरत नसतात,” त्या सांगू लागल्या. “जिथे एकदा संसर्ग झाला तिथे काही कायमच्या मुक्कामाला राहतात. पुन्हा तोच जंतू आला की लगेच ओळखतात. मज्जा जाळणारं औषध भराभर वाढणाऱ्या पेशींना गाठतं. या कातडीत गप्प बसलेल्या असतात, म्हणून निसटतात. निहारच्या मज्जेतून निघालेल्या साफसफाई करणाऱ्या पेशी कातडीत राहायला आल्या, आणि या जुन्या रहिवाशांना त्या परक्या वाटल्या. भांडण यांनी उकरून काढलं आणि त्यात घर जळतंय.”

“मोटर रिवाइंड करताना जुन्या तारेचा तुकडा आत राहिला की असंच होतं,” मी म्हणालो.

“साधारण तसंच. पण तारेला आठवण नसते, निकमसाहेब.” मग त्या प्रणिताकडे वळल्या. “मला एकच कळत नाही. गप्प बसलेल्या पेशी एकदम उठल्या कशा? बेचक्यात सारखं काहीतरी घासलं असणार. ताई, काही केलंत का?”

प्रणिता छताकडे बघू लागली. ती अशी छताकडे बघते तेव्हा मला कळतं.

“बँडेजची पट्टी पलंगाच्या कठड्याला बांधली होती,” ती शेवटी म्हणाली. “पांघरुणाच्या आत बोटांत धरून ओढत होते रोज. इतके दिवस पडून राहिले तर पकड सुटेल म्हणून.”

डॉक्टरांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मी ओरडलो, काय ओरडलो ते इथे लिहिण्यासारखं नाही. कातडीला घासू देऊ नका म्हणून सिस्टर दिवसातून दहा वेळा सांगायच्या, आणि ही बाई चादरीखाली सराव करत होती! माझं ओरडणं तिच्या कानावरून गेलं. ती निहारकडे बघत होती.

“ऐकलंस? तुझ्यांनी काही केलेलं नाही.”

निहार काचेला पाठ लावून खाली बसला आणि लहान मुलासारखा रडला. मी त्याच्या शेजारी बसलो. आमच्या घरातल्या जमिनीवरच्या माणसांना तेवढंच जमतं.

आता कळ दाबायची गरज नव्हती. पण दुसरा प्रश्न उभा राहिला. केशरी पेशी नेमक्या शोषून घेतील असं औषध लावून त्यावर प्रकाश टाकला की त्या मरतात, तेवढं डॉक्टरांच्या हातात होतं. मात्र त्या गेल्या की कातडी तान्ह्या बाळासारखी कोरी. निहारनं लहानपणीच दोरी सोडलेली, त्याच्या पेशींना दोरीवरचे, मातीतले, चाळीस मुलींच्या घामातले जंतू ओळखीचे नव्हते. व्यायामशाळेत साधं खरचटलं तरी जिवावर बेतणार.

“म्हणजे दोरी बंद,” प्रणिता म्हणाली.

“व्यायामशाळेत पायच ठेवायचा नाही. किती वर्षं, ते मला सांगता येणार नाही.”

पहिल्यांदाच तिचा चेहरा पडलेला मी पाहिला. ती आपल्या पावलांकडे बघत राहिली. तिच्या आयुष्याची सगळी कमाई तिथे होती, आणि ती कमाई कुणी देणगीत दिलेली नव्हती. मी तिला एक शब्द सुचवला नाही. मला तो अधिकार नव्हता.

“माझ्या मारा,” ती म्हणाली. “पोराच्या राहू द्यात.”

मला वाटतं, तिला मिळालेल्या सगळ्या पदकांपेक्षा त्या क्षणी मला तिचा जास्त अभिमान वाटला. तोंडानं मात्र “बरं” एवढंच निघालं.

प्रणिता बरी झाली. गुलाबी, नवी कातडी आली, कर्करोगाचा मागमूस राहिला नाही. आम्ही साताऱ्याला परतलो आणि तिथे खरा त्रास सुरू झाला. व्यायामशाळा आमच्या घरापासून हाकेच्या अंतरावर, मुलींचे आवाज घरात यायचे. ही खिडकीत बसून नुसत्या आवाजावरून कोण चुकली ते ओळखायची आणि मग खिडकी लावून घ्यायची. जेवण कमी झालं. बोलणं तर माझ्याशी भांडण्यापुरतंही उरलं नाही.

तपासणीला गेलो तेव्हा डॉक्टरांनीच दोरीचा विषय काढला. “लस काय करते? पेशींना जंतूची आधी ओळख करून देते. निहारच्या अंगात व्यायामशाळेतल्या जंतूंना ओळखणाऱ्या पेशी तयार झाल्या, तर त्या त्याच्या रक्तातून काढून यांना देता येतील. इथे येऊन त्या कातडीत मुक्काम करतील. दुसऱ्या आजारांत हे आम्ही केलंय.”

“मग द्या की त्याला लस,” मी म्हणालो.

“दोरीची लस कुठे मिळते? दोरीच धरावी लागेल.”

आम्ही तिघांनी निहारकडे पाहिलं. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता.

“कुठल्या वेळेला असतो सराव?” त्यानं विचारलं.

एसटीचा सव्वीस वर्षांचा चालक आठ-नऊ वर्षांच्या मुलींच्या रांगेत उभा राहिला. मुली हसून लोळल्या. कोपऱ्यात फोन उभा करून ठेवला होता आणि त्यातून घरी बसलेल्या प्रणिताचा आवाज साऱ्या व्यायामशाळेत घुमायचा.

“डोळे उघड!”

“उघडलेत, आई.”

“मग दोरीकडे काय बघतोस? ती पळून चालली नाही. पायाकडे लक्ष दे, पायाकडे!”

सुरुवातीला तो माझ्या डोक्याएवढ्या उंचीवर जाऊन थरथरायचा. उतरल्यावर अंगभर घाम. पण रोज यायचा, घाटातली फेरी करून आला तरी यायचा. बेचकी सोलली, पोटरीवर वळ उठले. डेपोतले लोक विचारायचे, तर म्हणायचा, आईचं काम करतोय. प्रणिता पुन्हा जेवू लागली. रात्रीच्या जेवणात मला त्याच्या चुका ऐकवायची, आणि ऐकवताना दोन पोळ्या जास्त खायची.

एका सकाळी निहारनं फोटो पाठवला. अंगठ्याच्या बाजूला लालसर, गोल, खाजरा चट्टा.

“लागला!” प्रणिता ओरडली. “अहो, नायटा लागला पोराला!”

कुठल्या आईला असा आनंद झाला असेल? डॉक्टरांनी कळवलं, थोडे दिवस मलम लावू नका, पेशींना ओळख करून घेऊ द्या, मग बरा करू. मी सबंध गल्लीत पेढे वाटले. नायट्याचे पेढे वाटणारा साताऱ्यात मी पहिलाच असेन. लोकांनी खाल्ले, कारण विचारल्यावर काहींनी तोंडातला तसाच ठेवला.

आणि मग एकदा फोनच्या पडद्यावर आम्ही पाहिलं, की निहार वर गेला, अर्ध्यावर थांबला, पुन्हा निघाला आणि छताच्या तुळईला त्यानं हात लावला. खाली मुलींनी एकच गिल्ला केला. प्रणिता उठून आत गेली, चेहरा धुऊन आली आणि तिनं तिच्या जुन्या मैत्रिणींना एकेक करून फोन लावले. “माझा निहार. हो, गाडी चालवतो, केळघर घाटात. धुक्यात तिथे यंत्र चालत नाही, माझं पोरगं चालवतं.” दुपारचा स्वयंपाक मी केला.

त्याच्या शिकलेल्या पेशी काढून तिला दिल्या. काही महिन्यांनी पारखचा दिवा तिच्या पायांवर फिरला, तेव्हा बेचक्यात हिरवे ठिपके मुक्कामाला आलेले दिसले. पण दिसणं वेगळं आणि निभावणं वेगळं. डॉक्टरांनी बजावलं, की व्यायामशाळेत जा, हातमोजे-पायमोजे घालून बसा, कशाला हात लावू नका. त्या पेशी वेळेवर काय करतील, ते अजून त्यांनाही ठाऊक नव्हतं.

प्रणिता व्यायामशाळेत आली तेव्हा मुलींनी रांग धरून सलामी दिली. निहार दोरीवर चढू लागला. त्याला आईसमोर नीट करून दाखवायचं होतं, म्हणून घाई झाली. छातीएवढ्या उंचीवर तो उलटा होत असताना बेचकी सैल पडली, दोरी सुटू लागली आणि तो डोक्यावर येणार हे मला दिसलं. मी खुर्चीतून उठेपर्यंत प्रणिता तिथे पोचली होती. हातमोज्यात पकड बसेना, तो तिनं दातांनी ओढून फेकला आणि उघड्या हातानं त्याच्या पायाचा अंगठा, बोट आणि दोरी एकत्र आवळून धरली. दोरी तिच्या तळव्यातून सरकली. निहार सावरला, हळूहळू खाली आला.

तिच्या तळव्यावरची कातडी लांबलचक सोलली होती.

“आई, हात!” निहार किंचाळला.   आम्ही तसेच गाडीत बसलो. पुण्यापर्यंत निहारनं गाडी चालवली. प्रणिता स्वच्छ रुमालात हात धरून बाहेर बघत होती. मला माहीत होतं, ती घाबरली होती.

रुग्णालयात तिला ठेवून घेतलं. दुसऱ्या दिवशी डॉक्टर लोंढ्यांनी पट्टी सोडली आणि दिवा लावला. आम्ही दोघं तिच्या दोन्ही बाजूंना उभे होतो. तळव्यावर लाली पसरली नव्हती, फोड नव्हता, पू नव्हता. नुसतं खरचटलं होतं, कुणालाही खरचटतं तसं, आणि कडेनं खपली धरू लागली होती. पडद्यावर त्या ओरखड्याच्या दोन्ही काठांना हिरव्या पेशी दाटीनं जमल्या होत्या. केशरी एकही नव्हती.

डॉक्टर पडद्याकडे झुकल्या. “काय सुरेख काम केलंय हो यांनी,” त्या म्हणाल्या.

“करणारच की,” प्रणिता म्हणाली. “निहारच्या आहेत त्या.”